साठ्यांची तबकडी

आमच्या मंदाचं लग्न नाशिकच्या रंगनाथरावांच्या घरी ठरलं, ते साल सत्तावन्नचं. श्रावणात सुपारी फुटली आणि त्याच आठवड्यात साठ्ये आमच्या दारात येऊन उभे राहिले. दोन्ही कानांत बोटं घातलेली, खांद्याला शबनम पिशवी, कोटाला एकच बटण. तांबट आळीत परका माणूस आला की असाच उभा राहायचा. घराघरातून घण चाललेले असत.

मी आणि मंदा ओसरीवर चिंचेच्या कोळाने घंगाळं उजळत होतो.

"त्रिंबकराव वडके इथेच का?" ते ओरडले.

मी मान हलवली.

"मला एक उडती तबकडी करून हवी आहे."

"परात होय?"

"परात नाही हो वहिनी. तबकडी. आकाशातून येते ती."

मंदाने तोंडावर पदर घेतला. साठ्ये रागावले नाहीत. खिशातून खडू काढून त्यांनी आमच्या फरशीवरच चित्र काढलं. एक परात सुलटी, तिच्यावर एक उलटी, आणि वर मधोमध वाटी पालथी घातल्यासारखा उंचवटा. मग म्हणाले, मी 'व्योमयात्री' नावाचं मासिक काढतो, त्यात परग्रहांवरच्या गोष्टी असतात, मासिकाच्या कचेरीच्या दारावर टांगायला ही हवी आहे, आणि तुमच्या यजमानांच्या मठारकामासारखं काम पुण्यात दुसऱ्या कोणाचं नाही असं ऐकलं.

हे सगळं ते ओरडून मला सांगत होते, कारण आमच्या ह्यांना ऐकू येत नव्हतं. आळीत त्याचं कोणाला काही वाटत नसे. दिवसभर घण मारणाऱ्याचे कान चाळिशीला जातातच. आम्ही बायका लग्न होऊन आलो की पहिल्या वर्षात हातांनी बोलायला शिकायचो. पाचही बोटं मिटून तोंडाशी नेली की जेवायला या. दोन्ही खांद्यांवरून बोटं खाली ओढली की मंदा, तिच्या दोन वेण्या. आमचे हे स्वतःच्या नाकपुडीला बोट लावत, तेव्हा ते मला हाक मारत असत. कानांचं जग गेलं तरी आमचं हातांचं बोलणं चाललेलं होतं, आणि भांडणसुद्धा. रुसलं की समोरच्याच्या हाताकडे बघायचं नाही, बस. मग त्याने आकाशपाताळ एक केलं तरी उपयोग नाही.

मात्र एका गोष्टीची आळीत चोरी होती. कानात आवाज येतो, असं कोणी म्हणायचं नाही. माझ्या सासूबाईंच्या वेळी कोणी एक तांबट म्हणाला होता, माझ्या कानात कोणी तरी सारखं गुणगुणतं. त्याला देवऋष्याकडे नेला, मिरच्यांची धुरी दिली, तरी तो तेच म्हणत राहिला. त्या घरात पुढे कोणी मुलगी दिली नाही आणि त्यांची कोणी केली नाही. बहिरा चालतो, झपाटलेला चालत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. अमावास्येला आमची आळी बंद असे. घणाला हात लावायचा नाही. त्या दिवशी पुरुषमाणसं सकाळीच घराबाहेर पडत आणि दिवेलागणीला परतत. नदीच्या बंधाऱ्यावर जातात, एवढंच आम्हाला ठाऊक. उन्हाळ्यात बंधारा आटला की स्टेशनच्या यार्डात मालगाड्या बघायला जात. शेजारच्या गोदाक्का म्हणायच्या, "महिनाभर घण मारतात बिचारे, एक दिवस चकाट्या मारू देत."

तबकडी भाद्रपदात तयार झाली. ती सुंदर झाली होती, हे मला कबूल केलंच पाहिजे. मठाराचे, म्हणजे हातोडीने ठोकलेले, ठसे असे एकाला एक लागून बसले होते की उन्हात धरली तर डोळे दिपावेत. साठ्ये ती न्यायला आले तेव्हा त्यांनी मंदाची शाळेतली पाटी मागून घेतली. ओरडून उपयोग नाही हे त्यांना कळलं होतं, आणि आमचे हे चौथीपर्यंत शिकलेले होते.

साठ्यांनी पाटीवर काही लिहिलं आणि हसले. थट्टा केली असावी. ह्यांनी ते वाचलं आणि हसले नाहीत. बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले. मग एक ओळ लिहिली. साठ्यांनी ती वाचली आणि त्यांचंही हसू गेलं.

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मी मंदाला डोळ्यांनी खुणावलं. तिने चहाचा कप ठेवण्याच्या निमित्ताने वाकून वाचलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलं.

"त्यांनी लिहिलंय, ही उडताना आवाज कसा करील?"

"आणि ह्यांनी?"

"बाबांनी लिहिलंय, तो मला रोज ऐकू येतो."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. वीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस. त्याच्या हाताचं एक बोट हललं तर मला त्याचा अर्थ कळायचा. मला ही गोष्ट त्याने कधी सांगितली नव्हती.

त्या दिवसापासून साठ्ये येऊ लागले. दर दोन-तीन दिवसांनी दुपारी येत. हे घण खाली ठेवत. दोघं ओसरीवर समोरासमोर बसत आणि पाटी इकडून तिकडे जात राही. लिहायचं, वाचायचं, बाहीने पुसायचं. दोन माणसं तास तास बोलत आहेत आणि घरात एक शब्द वाजत नाही. मी दारात उभी राहून ह्यांच्या हातांकडे बघत असे. जे हात माझ्याशी बोलायचे ते आता पेन्सिल धरून दुसऱ्याशी बोलत होते.

"काय लिहितात ग एवढं?" मी मंदाला विचारायची.

"ते विचारतात, आज काय म्हणाले? बाबा लिहितात, अजून शब्द लागत नाहीत. ते म्हणतात, धीर धरा, लागतील."

"कोण म्हणाले? कोणाचे शब्द?"

"तबकडीतल्या लोकांचे," मंदा म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

दसऱ्यानंतर लगेच रशियाने आकाशात आपला चंद्र सोडला. अख्खं पुणं माना वर करून चालू लागलं. साठ्यांचा अंक त्याच सुमारास निघाला. त्यावर आमची तबकडी होती. टेकडीवरच्या झाडाच्या फांदीला दोऱ्याने टांगून तिचा फोटो काढलेला, दोरा दिसत नव्हता. आत एक लेख होता, 'नादाचा साक्षीदार', आणि त्यात आमच्या ह्यांचं नाव, आळीचं नाव, सगळं होतं.

गोदाक्का अंक घेऊन आल्या. "चंद्रे, तुमची परात उडाली की ग. आता आमचा बंबही उडवा म्हणावं."

मी हसले नाही. त्यांनी अंक मिटला आणि हळूच म्हणाल्या, "नाशकात कोणी वाचलं तर?"

वाचलं. सगळ्यांनीच वाचलं. पेठेतली पोरं थाळ्या फेकून तबकडी तबकडी खेळू लागली. नारायण पेठेतले पेन्शनर गच्चीवर खुर्च्या टाकून बसू लागले. दोन महिन्यांपूर्वी जो शब्द मी पहिल्यांदा ऐकला होता तो भाजीवालीच्या तोंडी आला. आमच्या दारात माणसं यायची, ह्यांच्या पाया पडायची, कानाशी कान लावून बघायची. एक बाई पाळण्यातलं मूल घेऊन आली होती. ह्यांनी घण मारणं सोडलं. गोंगाटात नीट ऐकू येत नाही, असं त्यांनी पाटीवर लिहिलं. रोज पहाटे ते वेताळ टेकडीवर जाऊन बसू लागले. अमावास्येलासुद्धा आळीतल्या लोकांबरोबर बंधाऱ्यावर न जाता टेकडीवर.

मी त्यांच्यासमोर उभी राहून हातांनी सांगितलं, मंदाचं लग्न मोडेल. त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. आमच्यात तो दार लावण्याचा प्रकार.

कार्तिकात रंगनाथराव स्वतः नाशिकहून आले. तेही तांबटच, उंच, कानांपर्यंत फेटा ओढलेला, हळू बोलणारा माणूस. आळीतल्या आपल्या मावसबहिणीकडे उतरले. आमच्याकडे येऊन पाणी घेतलं, चहा घेतला नाही.

"चंद्राबाई," ते म्हणाले, "मुलगी सोन्यासारखी आहे. पण घरात आवाज ऐकणारा माणूस म्हटल्यावर आमचे चार लोक मला विचारतात. उद्या अमावास्या. मी टेकडीवर जाऊन त्रिंबकरावांना डोळ्यांनी बघतो. ते चार माणसांत म्हणाले, की छापलंय ते खोटं, तर मार्गशीर्षातली तिथी कायम. नाही तर तुमचा नारळ तुम्हाला परत."

मी मंदाला घेतलं आणि तशीच साठ्यांच्या कचेरीत गेले. शनिवार पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या. जिना पिठाने पांढरा झालेला. आत पोस्टकार्डांची पोती भिंतीला लावून ठेवली होती, धान्याची असावीत तशी. साठ्यांना दमा होता. ते खिडकीत बसून श्वास घेत होते.

"या वहिनी. बसा. त्या पोत्यावर बसा, हरकत नाही."

मी उभीच राहिले. सगळं सांगितलं. म्हटलं, "तुम्ही छापलंत, आता तुम्हीच छापा, की ते खरं नाही."

"खोटं मी एक अक्षर छापलेलं नाही," ते म्हणाले. "फोटोखाली मी तबकडी म्हटलं. ती तबकडीच आहे. त्रिंबकरावांना आवाज येतो म्हटलं. त्यांना येतो."

"दोरा तुम्ही लपवलात."

 मग म्हणाले, "अकरा वर्षं मी गोष्टी छापल्या, वहिनी. मंगळावरच्या, शुक्रावरच्या. खाली स्पष्ट लिहायचो, काल्पनिक. एक पोस्टकार्ड येत नसे. माझी बायको म्हणायची, हे वाचतं तरी कोण? ती गेली तेव्हा घरात पडलेले अंक जाळून पाणी तापवलं. आणि एकदाच लिहिलं, हे घडलेलं आहे. बघा." त्यांनी पोत्यांकडे हात केला. "हे सगळे लोक म्हणतात, आम्हीही पाहिलं. इतके दिवस हे लोक होते कुठे?"

"माझा नवरा कुठे आहे ते मी विचारायला आलेय."

मंदाने माझा हात दाबला. साठ्ये खिडकीतून उठले.

"एक करतो," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता, हा आवाज आकाशातला नाही, कानांतला आहे. घणाचा. तसं असेल तर आळीत दुसऱ्या कोणाला तो आला पाहिजे. असा एक माणूस आणा. उद्या टेकडीवर सगळ्यांसमोर त्याने सांगावं. मी तेच छापतो. जसंच्या तसं. वचन देतो."

जिना उतरताना मंदा म्हणाली, "आई, कोण सांगेल?"

मला माहीत होतं, कोणी सांगणार नाही. तरी संध्याकाळी मी लक्षूकाकांकडे गेले. ते आळीतले सर्वांत जुने तांबट. हे त्यांच्याच हाताखाली घण धरायला शिकले होते. मी हातांनी विचारलं, काका, तुमच्या कानांत कधी काही वाजतं?

"माझे कान ठणठणीत आहेत," ते मोठ्याने म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं. सगळ्या आळीने ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. हे पहाटेच टेकडीवर गेले. आळीतले बाकीचे पुरुष बंधाऱ्याकडे गेले. घण बंद होते. त्या दिवशी मला आळीची शांतता सोसवेना. मी डोक्यावर पदर घेतला आणि पुरुषांच्या मागून निघाले. आजवर कोणी बाई तिकडे गेली नव्हती. पाया पडते, एक जण तरी चला म्हणते, एवढंच मनात होतं.

बंधाऱ्याचा आवाज लांबूनच येऊ लागला. पाऊस चांगला झाला होता त्या वर्षी, पाणी अजून धो धो कोसळत होतं. जवळ गेल्यावर आपलं बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये असं. मला वाटलं होतं, पत्ते चालले असतील, भजी असतील, हसणं-खिदळणं असेल.

तसं काही नव्हतं. सगळी आळी तिथे होती आणि कोणी कोणाजवळ नव्हतं. प्रत्येक जण वेगळ्या दगडावर, एकमेकांकडे पाठ करून, पाण्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन बसलेला. कोणी डोळे मिटले होते. कोणी डोकं पुढे घालून कान पाण्याच्या तोंडाशी नेला होता. आमच्या मागच्या घरचा दगडू, एरवी एक क्षण गप्प न बसणारा, तुषारांनी भिजून चिंब झाला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फक्त तापातून उठलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

मी तिथेच बसले.  ते मालगाड्या बघायला का जात तेही कळलं. ज्या दिवशी घण बंद, त्या दिवशी कानांतलं वाजणं मोकाट सुटायचं, आणि त्यावर पाणी ओतायला ही माणसं इथे येत होती. बाप आला, आजा आला. शेजारी शेजारी बसून कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

लक्षूकाकांनी मला पाहिलं. मी त्यांच्या दगडाशी गेले आणि हातांनी विचारलं, तुम्हालाही?

ते पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी होय म्हणून मान हलवली.

मी हात फिरवून सगळ्यांकडे दाखवलं. ह्या सगळ्यांना?

काकांनी खांदे उडवले. त्यांचे हात म्हणाले, मला काय ठाऊक. मला वाटायचं मी एकटाच.

मग मी त्यांचे पाय धरले. मंदाचं सांगितलं, ह्यांचं सांगितलं. ह्यांनासुद्धा तसंच वाटत होतं, काका. आपण एकटेच. म्हणून पहिल्यांदा ज्याने विचारलं त्याच्यामागे गेले. तुम्ही एकदा सांगा. काकांनी धोतराचा सोगा पिळला, उठले, आणि माझ्यापुढे चालू लागले.

पायथ्यापर्यंत टांगा केला. टेकडी चढताना काका दोनदा बसले. वर पोहोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. बाभळीला आमची तबकडी टांगलेली होती, वाऱ्याने फिरत होती. तिच्याभोवती वाचक मंडळी सतरंज्या टाकून बसली होती, कोणी दुर्बिणी आणल्या होत्या, कोणी डबे. साठ्ये कोटात उभे होते. एका बाजूला रंगनाथराव, हाताची घडी घालून. आणि मध्ये खडकावर आमचे हे, मान तिरकी करून, दूरच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसे.

वर किती शांत होतं ते सांगता येत नाही. गवत हललं तरी ऐकू येत होतं.

काका ह्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी हातांनी सांगायला सुरुवात केली आणि बरोबर तोंडानेही बोलू लागले, त्या मोठ्या आवाजात, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"त्रिंबका, मलाही येतो तो आवाज. तू माझ्याकडे शिकायला आलास त्याच्या आधीपासून येतो. कोणी परका नाही तो. घणाचा आहे. आयुष्यभर आपण तांब्यात घालत आलो ते कानांत उरलंय. तुझ्या एकट्याचा नाही रे. अख्ख्या आळीचा आहे."

ह्यांनी काकांच्या हातांवरून डोळे काढले नाहीत. पुन्हा सांगा, अशी खूण केली. काकांनी पुन्हा सांगितलं. आणि ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते खडकावरून उतरले आणि काकांना मिठी मारली. दोघं लहान मुलांसारखे रडत होते. मी देवाला हात जोडले. म्हटलं, आला माझा माणूस परत.

मग ह्यांनी काकांना थोडं दूर धरलं. चेहरा असा उजळला होता, मंदा झाली त्या दिवशी उजळला होता तसा. आणि त्यांच्या हातांनी विचारलं,

तुम्हाला ते काय सांगतात?

काका नाही म्हणायला हात उचलायला गेले. मी पाहत होते. हात वर आला आणि मध्येच थांबला. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नसेल. ते फक्त पाणी शोधत फिरले होते. त्यांनी हळूच मान तिरकी केली.

"काका," मी म्हटलं. त्यांना ऐकू कसं जाणार? मी त्यांच्यापुढे हात हलवले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"बोलतंय," काका स्वतःशी म्हणाले, पण मोठ्याने. "खरंच की. काही तरी बोलतंय."

सतरंजीवरची माणसं उठून उभी राहिली. कोणी तरी नमस्कार केला. आणि तेवढ्यात रंगनाथराव पुढे आले. मला वाटलं, आता नारळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरचा फेटा उतरवून बाजूला ठेवला, कान मोकळे केले, आणि ह्यांच्या शेजारी खडकावर जाऊन बसले. ह्यांनी त्यांच्यासाठी जागा केली.

तिघं तसेच बसले होते. मी एकटीच उभी होते.

साठ्ये लिहीत होते. त्यांनी वचन पाळलं. काका बोलले ते जसंच्या तसं पुढच्या अंकात आलं, एक शब्द कमी नाही. फक्त वर मोठ्या टायपात मथळा होता, 'साऱ्या आळीला हाक'.

उतरताना ते माझ्या मागून आले. दम लागला होता. पायवाटेवर थांबले आणि म्हणाले, "वहिनी, एक विचारू?"

मी मागे वळले.

"मी तीन महिने रोज ऐकतोय. घरी दारं-खिडक्या लावून ऐकतो. इथे येऊन ऐकतो. मला का येत नाही?"

मला त्या माणसाला शिव्या द्यायच्या होत्या. टेकडीवरून ढकलावं असंही मनात होतं. पण ते विचारत होते ते खरोखर विचारत होते. फोटोतला दोरा स्वतः बांधणारा माणूस.

"तुम्ही घण मारला नाहीत," मी म्हटलं.

मंदाचं लग्न मार्गशीर्षात झालं, ठरल्या तिथीला. रंगनाथरावांनी हुंडाही घेतला नाही. दोघे व्याही मांडवात शेजारी शेजारी बसले आणि एकमेकांशी हातांनी बोलत राहिले. लोक म्हणाले, चंद्राबाईंचं नशीब, असे व्याही मिळाले. पाठवणीच्या वेळी मंदा माझ्या गळ्यात पडली तेव्हा ह्यांनी वर पाहिलं, पण ते तिच्याकडे नव्हतं.

पुढच्या अमावास्येला बंधाऱ्यावर निम्मेच लोक गेले. होळीनंतरच्या अमावास्येपर्यंत तिथे कोणीच उरलं नाही. सगळी आळी टेकडीवर जाऊ लागली आणि वर आता जवळजवळ बसू लागली. आमचे हे पुन्हा घण धरू लागले, पण वाळत घातलेले कपडे काढावेत तसं, हाताने काम आणि मन भलतीकडे. नाकपुडीला बोट लावून त्यांनी मला हाक मारल्याचं त्यानंतर मला आठवत नाही. काही हवं असलं तर पाटीवर लिहून पाटी माझ्यापुढे ठेवायचे आणि मग आठवायचं, हिला येत नाही.

म्हणून मी अक्षरं शिकले. चाळिशी ओलांडली होती. गोदाक्कांच्या नातीने शिकवलं, आणि वाचायला घरात 'व्योमयात्री'चे अंक होते, तेच वाचले. जोडाक्षरं यायला वर्ष गेलं. आली तेव्हा मी पाटी घेऊन ह्यांच्यापुढे बसले आणि लिहिलं, घरी कधी येणार? त्यांनी वाचलं. खाली लिहिलं, घरीच आहे. अक्षर वळणदार होतं. मग त्यांनी बाहीने दोन्ही ओळी पुसल्या.

साठ्ये आमच्याकडे येतच राहिले. पण आता पाटीसाठी नाही. सकाळी येत, कानांतली बोटं काढत, आणि जिथे चार घण एकदम पडत तिथे ऐरणीच्या शेजारी पोतं टाकून बसत. दिवसभर. दगडू म्हणायचा, "साहेब, कान जातील." ते मान हलवायचे. दोन वर्षांनी त्यांना माझं बोलणं ऐकू येईनासं झालं. मी त्यांना जेवायला या, पाणी हवं का, अशा चार खुणा शिकवल्या. आवाज आला का, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मासिक बंद पडलं तरी ते येत होते.

लक्षूकाका एकोणसाठ साली आषाढात वारले. साठ्ये चौसष्टच्या थंडीत आमच्याच ओसरीवर दम्याने गेले, त्यांना अग्नी दगडूने दिला. नाशिकचे रंगनाथराव सत्तर साली गेले. आमचे हे बहात्तरच्या दुष्काळात, माघ महिन्यात सकाळी घरीच वारले.